सुटती गाठ

निवतीला उजाडतं तेव्हा
माझे हात अजून उजाडलेले नसतात.
तासभर उशीजवळ पडून असतात,
कोणीतरी विसरून गेल्यासारखे.
हे चहा करतात. कप हातात देत नाहीत,
दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरतात.
आधी ऊब, मग चहा.
बंदरावर कोणाचं तरी इंजिन खोकतं.
"आज किती?" एवढंच विचारतात.

'किती' हा शब्द इस्तेर सिस्टरचा.
दुसऱ्या बुधवारी कुडाळहून स्कूटरवर येते, वही घेऊन.
शून्य ते दहा, दुखणं किती ते सांगा.
मी म्हटलं, बाई, जन्मभर माशांचे वाटे लावले,
पण याचा वाटा लावता येत नाही.
शून्य कसं असतं ते विसरले,
आणि दहा मी उगाच कोणाला देणार नाही.
मग ठरलं: सुकती, भांगाची भरती, उधाण.
ती वहीत तसंच लिहिते.
समुद्राचं उधाण कॅलेंडरात असतं,
माझं नाही, एवढाच फरक.

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
"हे बरं होणार नाही.
पण बरं वाटेल."
हे बाहेर येऊन चिडले, "शब्दांचो खेळ करता."
मी मात्र तेव्हापासून
त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहते.
तिथे शनिवारची गोळी आहे,
रविवारची मळमळ,
जेव्हा माझ्या उभ्या आयुष्याचा वास
घराबाहेर ठेवावा लागतो, आणि हे निमूट पेज जेवतात.
ऊन ऊन मेणाचा डबा आहे.
चमच्याच्या दांड्याला गुंडाळलेली जुनी दोरी.
ब्लाउजला हुकांच्या जागी चिकटपट्टी,
उघडताना एवढा आवाज करते
की दोघंही हसतो, या वयात.

रडले नाही असं नाही.
जत्रेत कासाराने माझा हात घेतला,
बोटांची पेरं पाहिली,
आणि बांगड्या परत पेटीत ठेवल्या.
"मावशी, फुटतील."
बांगड्यांबद्दलच बोलत होता.
रित्या मनगटांनी घरी आले. वाटेत दोघींनी
आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

त्या रात्री यांनी जाळ्याचा हिरवा धागा काढला.
तांडेल माणूस. वादळात धरून ठेवणारी
आणि एका ओढीत सुटणारी गाठ
बापाकडून शिकलेला.
माझ्या मनगटावर सैल, दोन पदरी बांधली,
टोक बाहेर ठेवलं, दातांनी ओढता येईल असं.
"सूज इली तर वड. माझी वाट बघू नको."
आता तीच गाठ परकराच्या नाडीला,
बाजाराच्या पिशवीला, औषधाच्या पुडक्याला.
माझ्या हाताला न सुटणारं
घरात काही उरू नये, असा हट्ट.

वेणी मात्र अजून जमत नाही.
दोर वळावा तशी वळतात,
डोळे तिरके होतात माझे.
बांगडा साफ करतात तोही असाच,
हमखास पित्त फोडतात,
आणि मी स्टुलावरून ओरडते,
अहो, हळू, हळू!
ओरडायला सांधे लागत नाहीत.

काल सिस्टरने पेन उघडलं, "आज काय लिहू?"
सुकती, म्हटलं.
पाणी परत येणार,
तिला माहीत, मला माहीत.
तोवर ओल्या रेतीवरून जरा चालून येते.
तेवढ्यात यांनी
सुरी हातात घेतली नाही म्हणजे मिळवली.